फोनची ऑपरेटिंग सिस्टिम आपण निवडूया : बनशंकरीतील मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन



बेंगळुरूच्या बनशंकरी सेकंड स्टेज, थर्ड स्टेज, कत्रिगुप्पे, पद्मनाभनगर आणि जयनगर येथील सर्व मराठी बंधुभगिनींना हे आवाहन आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारे कुणी ना कुणी आहे. तरीही नवा फोन घेताना आपण कॅमेरा, बॅटरी आणि एक्स्चेंज ऑफर पाहतो. त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि ती आपली माहिती कुठे पाठवते, हे विचारत नाही. आता ते विचारावे, आणि निदान घरातल्या एका फोनवर खासगीपणा जपणारी वेगळी सिस्टिम बसवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

माहिती बाहेर जाण्याची भीती हवेतली नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ साली फोनमधून बाहेर जाणारी माहिती मोजली. फोन नुसता पडून असला, तरी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही सरासरी साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी संपर्क साधत होते. गुगलने त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. त्याच वर्षी लीथ आणि एडिनबरा विद्यापीठातील सहकाऱ्यांनी सॅमसंग, शाओमी, ह्वावे व रिअलमीचे फोन आणि त्यांच्यासोबत अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर बनलेल्या लिनिएज-ओएस व ई-ओएस या सिस्टिम तपासल्या. ई-ओएस सोडून सगळीकडून बरीच माहिती बाहेर जात होती. तपासलेल्या लिनिएजमध्ये गुगलच्या सेवा बसवलेल्या होत्या, म्हणून तिथूनही गुगलकडे माहिती गेली. तेव्हा सिस्टिमचे नाव बदलले की काम झाले, असे समजू नये. तिच्यात पुढे काय काय बसवतो, हेही तितकेच पाहावे लागते.

खासगीपणाच्या विषयात आपल्या बेंगळुरूचा वाटा मोठा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी याच शहरात राहत. २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२४ साली न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांचे निधन झाले. त्यांनी मिळवून दिलेला हक्क खिशातल्या फोनमध्ये आणणे आता आपल्या हाती आहे.

मग अशा सिस्टिमचे फोन दुकानात का दिसत नाहीत? अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, तो कुणीही घेऊन स्वतःची आवृत्ती तयार करू शकतो. पण गुगलने करारांतून फोन-कंपन्यांना अशा आवृत्त्या वापरण्यापासून रोखले, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला आणि अँड्रॉइड प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला. दुकानात मिळत नसले, तरी पुढील पर्याय आपल्याला घरी बसवता येतात.

ग्राफीन-ओएस : सुरक्षेसाठी सर्वांत भक्कम, पण फक्त गुगलच्याच पिक्सेल फोनवर (सहावी मालिका व पुढे) चालते. संगणकाला केबलने फोन जोडून ब्राउझरमधूनच बसवता येते आणि नंतर बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा भाग, पुन्हा लॉक करता येतो. गुगल प्ले हवेच असेल, तर ते विशेष अधिकारांशिवाय, इतर अ‍ॅपसारखे चालते. एखाद्या अ‍ॅपचे इंटरनेट पूर्ण बंदही करता येते.

ई-ओएस : गाएल दुव्हाल या फ्रेंच तंत्रज्ञाने सुरू केलेला प्रकल्प. गुगलच्या सेवांऐवजी मायक्रोजी हा खुला पर्याय यात आधीपासून असतो. नवख्या माणसाला वापरायला सोपी.

लिनिएज-ओएस : सायनोजेनमॉड ही आधीची सिस्टिम बंद पडल्यावर २०१६च्या डिसेंबरात सुरू झाली. कंपनीने अपडेट देणे थांबवलेल्या अनेक जुन्या फोनांना तिच्यामुळे नवे आयुष्य मिळते. मात्र बहुतेक फोनांवर बूटलोडर उघडाच राहतो, त्यामुळे फोन चोराच्या हाती पडल्यास धोका वाढतो.

अनेक जण भारोसविषयी विचारतात. आयआयटी मद्रासच्या आश्रयाखालील कंपनीने तयार केलेली ही सिस्टिम जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली. ती कडक गोपनीयता लागणाऱ्या संस्थांपासून सुरू झाली, घरगुती ग्राहकांपासून नव्हे.

आता काही ठोस विनंत्या.

१. सुरुवात कपाटात पडलेल्या जुन्या फोनपासून करा. तुमचे नेमके मॉडेल त्या सिस्टिमच्या अधिकृत यादीत आहे का, ते आधी पाहा. मिळतेजुळते नाव चालत नाही.

२. बूटलोडर अनलॉक करताना फोनमधले सगळे पुसले जाते. फोटो, संपर्क आणि ओटीपी अ‍ॅपच्या चाव्या यांचा बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

३. पिक्सेल एस. पी. रोडवर किंवा नॅशनल मार्केटात वापरलेला घ्या, नाहीतर अमेरिकेतल्या मुलाकडून मागवा; पैसे देण्याआधी ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय सुरू होतो का, ते तपासा. तिथल्या व्हेरायझनसारख्या मोबाइल कंपन्यांनी विकलेल्या फोनवर तो बहुधा बंदच असतो.

४. काही बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप या सिस्टिमवर चालायला नकार देतात. तुमचे अ‍ॅप चालते याची खात्री होईपर्यंत पैशांचे व्यवहार जुन्याच फोनवर ठेवा. आई-बाबा, आजी-आजोबांचा एकमेव फोन त्यांना न विचारता बदलू नका.

५. बँकेचे अ‍ॅप चालत नसेल, तर बँकेला लेखी तक्रार करा. बूटलोडर लॉक असलेला आणि नियमित अपडेट मिळणारा फोन केवळ सिस्टिम वेगळी म्हणून का नाकारता, असे विचारा. नागरिक बोलले की फरक पडतो. २०२५च्या अखेरीस नव्या फोनांत संचार साथी अ‍ॅप आधीपासून घालण्याची सक्ती सरकारने केली होती. देशभरातून विरोध होताच काही दिवसांत ती मागे घेतली गेली.

६. ज्यांना यातले काहीच जमणार नाही, त्यांनी आजच्याच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरात आयडी पुसावा आणि गरज नसलेल्या अ‍ॅपची लोकेशन, माइक व संपर्काची परवानगी काढावी. याला दहा मिनिटे पुरतात.

आपल्यातल्या जाणकार तरुण-तरुणींना स्वतंत्र सांगणे आहे. आपापल्या इमारतीत एखाद्या रविवारी लॅपटॉप आणि चांगली केबल घेऊन बसा. शेजारच्या काका-काकूंना आधी धोके सांगा, मग फायदे, आणि त्यांची इच्छा असेल तरच फोनला हात लावा. पुढचे काही महिने अडचण आली तर मदत करण्याची जबाबदारीही घ्या. शेजारी कन्नडिगा असतील तर त्यांनाही बोलवा. हा प्रश्न एका भाषेच्या लोकांचा नाही.

पुढचा फोन घेण्याआधी घरात एकदा या विषयावर बोला आणि एका फोनपासून सुरुवात करा. जे जमले आणि जे अडले, ते दोन्ही शेजाऱ्यांना सांगा.

आपला नम्र,
बनशंकरी सेकंड स्टेजमधील एक रहिवासी