डोळ्यांनी ऐकताना

पाश्चात्त्य वाद्यवृंदाची स्वरलिपी मला वाचता येत नाही. पण उभ्या-आडव्या रकान्यांत बॅंकेतली उमेद गेली, म्हणून असेल, स्टीफन मालिनोव्स्की या अमेरिकी संगीतकाराची तऱ्हा मला चटकन उमगली. त्यांच्या ‘म्युझिक अ‍ॅनिमेशन मशीन’ची पहिली संगणकीय आवृत्ती १९८५ सालची. पडद्यावर रंगीत पट्ट्या सरकतात (आपली काळी चारची पट्टी नव्हे!). पट्टी जितकी वर तितका स्वर उंच, जितकी लांब तितका तो लांबलेला. वाजला की उजळतो.

बेथोवनच्या १८०८ साली सादर झालेल्या पाचव्या सिंफनीचा आरंभ असा पाहावा. तीन आखूड पट्ट्या, खाली एक लांब. पुढे तीच चौकडी दुसऱ्या व्हायोलिनांकडून व्हायोलांकडे, तिथून पहिल्या व्हायोलिनांकडे जाते. एका गायकामागे चालायला सरावलेल्या आपल्या कानाला ही देवघेव सहसा निसटते. डोळा ती पकडतो.

डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने १९४० साली बाखच्या संगीताला चित्रे जोडली. ती देखणी, पण कल्पनेतली. मालिनोव्स्कींची पट्टी स्वरांपुरतेच बोलते, म्हणून मला ती अधिक प्रामाणिक वाटते. अर्थात गज किती दाबून ओढला, हे तिच्यात उतरत नाही. खातेवहीत रक्कम दिसते, घेणाऱ्याचा चेहरा नाही.

माझी धास्ती वेगळीच आहे. हल्ली मुलांना गाणेही पाहिल्याशिवाय ऐकवत नाही. तेव्हा हे त्यांना जरूर दाखवा. मात्र दुसऱ्या खेपेला पडदा झाकून तोच भाग लावा आणि व्हायोला नेमका कुठे शिरला, ते विचारा.