सरड्याची धाव कुंपणापर्यंत. पण कुंपणाचे मोजमाप कोणी घ्यायचे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली आणि ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या प्राण्यांना कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यापाठोपाठ 2024 च्या फेब्रुवारीअखेरीस केंद्र सरकारने नियम जारी केले. असा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने ‘परिवेश 2.0’ या संकेतस्थळावर सहा महिन्यांत नोंदणी करावी आणि पुढे नवा प्राणी घेतल्यास 30 दिवसांत करावी, असे त्यांचे स्वरूप आहे. येमेन व सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन हे दोन्ही सरडे या कक्षेत येतात. नियम स्वागतार्ह आहेत. माझा आक्षेप आपल्या समजुतीवर आहे. नोंदणीचा कागद हाती आला की कर्तव्य संपले, असे मानणारा एक वर्ग देशभर तयार होतो आहे आणि त्यात विज्ञानाचे विद्यार्थी कमी नाहीत. कागदाने प्राण्याचा ताबा कायदेशीर ठरतो. तो प्राणी जगेल की मरेल, हे पिंजरा ठरवतो. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: ज्याला पिंजऱ्यातले ऊन, उष्णता आणि ओलावा मोजता येत नाही, किंवा मोजण्याची इच्छा नाही, त्याने शॅमेलिऑन पाळू नये.

आरंभीच एक बाब निकालात काढू. आपल्याकडे रानात, कुंपणावर, बाभळीच्या फांदीवर डुलत चालणारा भारतीय शॅमेलिऑन, म्हणजे मराठीतला सरडगुहिरा, संरक्षित वन्य प्राणी आहे. तो पकडणे, विकणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्याच्यासाठी चांगला पिंजरा कसा बांधावा, हा प्रश्नच उद्भवत नाही. कोणी विकायला आणला तर वनविभागाला कळवावे. पुढील विवेचन कायदेशीररीत्या घेतलेल्या, बंदिवासात जन्मलेल्या परदेशी जातींपुरतेच आहे.

आता सर्वांत लाडक्या युक्तिवादाकडे वळू: “भारतात ऊन काय कमी आहे? दिवे आणि मोजमापे ही थंड देशांची थेरे.” हा युक्तिवाद विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकला की खेद वाटतो. शॅमेलिऑनच्या त्वचेत जीवनसत्त्व ड-3 तयार होण्यासाठी साधारण 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. खिडकीची साधी काच दृश्य प्रकाश जाऊ देते, पण या पट्ट्यातील जवळजवळ सर्व किरण अडवते. त्यामुळे बैठकीच्या खोलीत, बंद खिडकीपाशी, लख्ख उजेडात ठेवलेला सरडा या किरणांच्या दृष्टीने अंधारात असतो. आपल्या डोळ्यांना हा अंधार दिसत नाही. प्राण्याच्या हाडांना मात्र तो जाणवतो: कॅल्शियमचे शोषण बिघडते, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, फांदीवरची पकड सुटते. माणसाच्या मुलात ज्याला मुडदूस म्हणतात, त्याच्याच जातीचा हा विकार आहे. मालक तेव्हा म्हणतो, “आजारी पडला.” वास्तविक त्याला आजारी पाडण्यात आलेले असते.

याहून सूक्ष्म मुद्दा उष्णतेचा आहे. अतिनील किरणांमुळे त्वचेत प्रथम ड-3 चे पूर्वद्रव्य तयार होते. त्याचे ड-3 मध्ये रूपांतर उष्णतेवर चालते आणि तापमान उतरले की मंदावते. म्हणून ऊब एका कोपऱ्यात आणि अतिनील दिवा दुसऱ्या कोपऱ्यात, अशी मांडणी मुळातच चुकीची आहे. निसर्गात दोन्ही एकाच सूर्याकडून येतात. पिंजऱ्यातही ती एकाच फांदीवर पडली पाहिजेत. दुसरीकडे, सगळा पिंजरा एकसारखा उजळून आणि तापवून टाकणे हाही अपराधच आहे. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की आहारातून ड-3 कमी मिळालेले सरडे अतिनील प्रकाशात अधिक वेळ घालवतात आणि ज्यांना ते पुरेसे मिळाले आहे ते कमी वेळ घालवतात. प्राण्याला आपली गरज नियंत्रित करता येते. मात्र त्यासाठी त्याच्यापुढे निवड असावी लागते. पिंजरा बांधायचा तो ही निवड देण्यासाठी. एका टोकाला ऊन व ऊब, दुसऱ्या टोकाला पानांची गार सावली आणि मध्ये सर्व पायऱ्या.

येथे भौतिकशास्त्राची शालेय तयारीसुद्धा पुरते. लहान, बल्बसारख्या दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले तर तीव्रता साधारण चौपट होते. पिंजऱ्याइतक्या लांब नळीजवळ तीच वाढ दुप्पटीच्या आसपास राहते. म्हणजे छोट्या दिव्याखाली सरडा अर्धी वीत वर सरकला तरी मात्रा वेडीवाकडी बदलते. लांब नळीखाली बदल सौम्य असतो आणि पूर्ण फांदी उपयोगी पडते. वरची जाळीही किरणांचा काही हिस्सा खाते. जुना होत चाललेला दिवा डोळ्यांना पूर्वीइतकाच तेजस्वी दिसतो, पण त्याचा अतिनील अंश घटलेला असतो. वरच्या फांदीवर, सरड्याच्या पाठीच्या उंचीवर, यूव्ही निर्देशांक 3 च्या आसपास आणि खाली उतरत शून्यापर्यंत असावा, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. दिव्याच्या खोक्यावर छापलेला आकडा पाहून हे कळत नाही. त्यासाठी मापक लागतो. तो महाग वाटत असेल तर चार-पाच जणांनी मिळून घ्यावा.

तिसरा दोष उसन्या आराखड्यांचा. थंड देशांतल्या, कृत्रिम उष्णतेने कोरड्या झालेल्या घरांसाठी केलेली रचना आपण जशीच्या तशी उचलतो. तेथे प्रश्न ऊब देण्याचा असतो. आपल्या बहुतेक शहरांत तो गारवा देण्याचा असतो. मे महिन्यात बेंगळुरूची रात्र सरासरी 21-22 अंशांपर्यंत उतरते, मुंबईची 27 च्या आसपास अडकून राहते. रात्रीच्या या उताराला मोल आहे. 30 अंश तापमानाला 50 टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा थेंबभर पाणी न घालता 20 अंशांपर्यंत गार केली, तर तिची आर्द्रता सुमारे 90 टक्के होते. पहाटेचे दव याच हिशोबातून पडते आणि शॅमेलिऑन पाणी पितो ते पानांवरच्या थेंबांतून. वाटीतले स्थिर पाणी तो बहुधा ओळखतच नाही. पण हाच ओलावा उबदार, कोंडलेल्या हवेत कृत्रिमरीत्या भरला तर बुरशी वाढते आणि श्वसनसंस्थेचे संसर्ग होतात. म्हणून जुलैतल्या मुंबईत धुके सोडणारे यंत्र रात्रभर चालवणे हे प्रेमाचे लक्षण मानता येत नाही. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र चहूबाजूंनी जाळी असलेला पिंजरा दिवसभर प्राण्याला सुकवत राहतो. एका शहरातली उत्तम रचना दुसऱ्या शहरात घातक ठरते. विकत मिळणारी तयार पेटी हा फरक जाणत नाही. स्वतः बांधण्याचे समर्थन मी करतो ते याच कारणासाठी.

बांधणी अवघड नाही. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड शॅमेलिऑनसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच हे माप गृहीत धरावे. हा झाडावरचा प्राणी असल्याने उंचीत काटकसर करू नये. अॅल्युमिनियमचा सांगाडा घ्यावा आणि प्लॅस्टिकचे आवरण असलेली जाळी लावावी; उघड्या तारेत नखे अडकतात. दमट शहरात चारही बाजूंना जाळी चालेल. कोरड्या शहरात तीन बाजूंना पाणी न शोषणारे पत्रे आणि समोर व वर जाळी ठेवावी. तळाशीही हवा आत येण्यास वाट असावी, म्हणजे दिव्याने तापलेली हवा वरून निघून जाईल आणि खालून ताजी येत राहील. माशांच्या काचेच्या टाकीत नेमके हेच घडत नाही. तळाला पाण्याचा निचरा होणारा ट्रे, आत कुंडीतली जास्वंद, वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या फांद्या आणि पिंजरा एवढ्या उंचीवर, की वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर राहील. तापलेला दिवा नेहमी जाळीबाहेर. एका पिंजऱ्यात एकच प्राणी. दोन ठेवल्यास त्यांची मैत्री होत नाही, दोघांचाही छळ होतो.

“पण तो तर छान रंग बदलतो, मजेत आहे,” असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे विज्ञान. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले, की पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील काही पेशींत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळीदार रचना असते. त्या स्फटिकांमधील अंतर वाढले की परावर्तित प्रकाश निळ्याकडून तांबड्याकडे सरकतो. प्राणी उत्तेजित झाला, प्रतिस्पर्धी दिसला की हे घडते. थंडीने वा ताणाने काळवंडणे हाही त्याच्या त्वचेचाच संदेश. मागची भिंत हिरवी की निळी, याच्याशी या बदलाचा संबंध फार थोडा. ज्याला आपण करमणूक समजतो, ती बहुधा तक्रार असते.

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला: “हौसेला मोल नसते, एवढा काटेकोरपणा कशाला?” हौसेचे मोल हौस करणाऱ्याने भरावे, येथे ते सरडा भरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: “मग पाळणेच बंद करा.” या मताविषयी मला आदर आहे. पण जे प्राणी आज देशातील घरांत आहेत ते बंदीने अदृश्य होणार नाहीत, आणि त्यांना परक्या रानात सोडणे तर सर्वांत वाईट. त्यांना नीट जगवण्याचे ज्ञान लागणारच.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एकच अट सुचवतो. प्राणी आणण्यापूर्वी पिंजरा बांधा, झाडे लावा, दिवे सुरू करा आणि तो 14 दिवस रिकामा चालवा. वरची फांदी, मध्य आणि तळ येथील तापमान व आर्द्रता दिवसरात्र नोंदवा. वरच्या फांदीवरचा यूव्ही निर्देशांक मोजा. वीज गेली तेव्हा काय झाले, तेही लिहा. आलेख काढा. तो आलेख त्या जातीच्या गरजेशी जुळला नाही तर पिंजरा बदला. तरीही जुळला नाही तर प्राणी आणू नका. पिंजऱ्यात जास्वंद छान फुलेल. विक्रेत्याकडेही नोंदणीच्या कागदांबरोबर हेच आकडे मागा: तुमच्याकडे हा प्राणी कोणत्या तापमानात, किती अतिनील प्रकाशात राहिला? उत्तर मिळाले नाही, तर त्या दुकानातून रिकाम्या हाताने परतणे हेच शहाणपणाचे.