डब्लिन पायी पाहताना

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, तो "काय काय पाहिलेस?" हा. किती चाललास, कोणाशी बोललास, असे सहसा कोणी विचारीत नाही. त्यामुळे प्रवासी यादी घेऊन निघतो आणि ती पुरी करून परततो. मला ही रीत मान्य नाही. शहर कळायचे असेल तर ते पायी हिंडावे आणि वाटेत भेटलेल्या प्रवाशांशी बोलावे, असे माझे मत आहे. ते बनले डब्लिनच्या रस्त्यांवर.

गेल्या उन्हाळ्यात लंडनला मावशीकडे गेलो असताना होलीहेडच्या बंदरातून बोटीने आयर्लंडला जाण्याचा योग आला. हाती अवघे दोन दिवस होते. इंग्रजी हा माझा खास विषय, तेव्हा डब्लिन आपल्याला ठाऊकच आहे अशी माझी समजूत होती. जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी १६ जून १९०४ या एका दिवसाभोवती याच शहरात घडते, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. तिच्यातील माणसे दिवसभर रस्त्यांवर हिंडत असतात, हे मात्र मी विसरलो. पहिल्या दिवशी छप्पर नसलेल्या दुमजली बसमधून १५९२ सालचे ट्रिनिटी कॉलेज, चर्चे, पूल असे सारे पाहून टाकले. रात्री वही उघडली, तर घरबसल्या लिहिता आले नसते असे एकही वाक्य सुचेना.

उतरलो होतो त्या स्वस्तातल्या प्रवासी निवासात स्वयंपाकघर सामाईक होते. तेथे चहा करताना दोघांशी ओळख झाली. एक होते पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमाराचे निवृत्त शिक्षक, घरात आयरिश भाषा बोलणारे. आपल्या राजधानीत तेही पाहुणेच होते. दुसरी पोलंडची एक विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मिळून पायी निघालो.

ओकॉनेल स्ट्रीटवर मोठे टपाल कार्यालय आहे. २४ एप्रिल १९१६ रोजी पॅट्रिक पिअर्स यांनी त्याच्यासमोर आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. दर्शनी खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. बसमधून त्या मला दिसल्या नव्हत्या. खांबाशी उभे राहून बोट लावले तेव्हा कळल्या. पिअर्स एक शाळा चालवीत. त्या शाळेच्या मदतीसाठी १९१३ साली येथील ॲबी थिएटरात रवींद्रनाथ टागोरांच्या 'डाकघर' नाटकाचा प्रयोग झाला होता. हे मला त्या शिक्षकांनी सांगितले. आपल्या देशातील नाटकाची ही हकीकत परक्या मुलखात प्रथम ऐकताना मी ओशाळलो.

पुढे लिफी नदीच्या काठाने कस्टम हाउसवरून गेल्यावर दुष्काळाचे स्मारक लागते. अंगावर मांस न उरलेली ब्राँझची माणसे गाठोडी घेऊन बोटीकडे चालली आहेत. बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे १० लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. विद्यार्थिनी तेथे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "माझा भाऊ एक पिशवी घेऊन याच देशात कामाला आला." शिक्षक म्हणाले, "गेले त्यांत आयरिश बोलणारे गरीब फार. माणसांबरोबर भाषाही गेली."

तेथील पाट्यांवर आयरिश आणि इंग्रजी अशा दोन ओळी असतात. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचे स्थान दिले आहे. तरी रस्त्यावर कानी पडते ती इंग्रजीच. नदीच्या कठड्यावर बसून मी टिपणे लिहीत होतो, तेव्हा शिक्षकांनी वहीत डोकावून विचारले, "तुमची भाषा बोलणारे किती?" मी म्हणालो, "आठ कोटींच्या वर." ते हसले. "आमच्या देशात माणसे ५१ लाख, आणि शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजार. आणि तुम्ही स्वतःची वहीसुद्धा इंग्रजीत लिहिता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कोणी म्हणेल, वेळ थोडा असतो, पायी काय काय पाहणार? खरे आहे, त्या दिवशी माझी अर्धी यादी राहून गेली. प्रत्येक सहप्रवासी असा भेटतो असेही नाही. त्याच स्वयंपाकघरात स्वस्त बिअर कोठे मिळते याखेरीज दुसरे न बोलणारेही होते. परंतु बसमध्ये मला असा प्रश्न कोणी विचारला नसता, एवढे निश्चित.

आपल्या शैक्षणिक सहलींत चार दिवसांत आठ ठिकाणे बसवण्याची चढाओढ असते. त्यांतला एक दिवस तरी एकाच गावासाठी ठेवावा, बस बाहेर उभी करावी आणि मुलांना पायी सोडावे, असे मला सुचवावेसे वाटते. संध्याकाळी प्रत्येकाने कोणाशी काय बोलणे झाले, ते सांगावे. मी स्वतः ज्या गावात तीन वर्षे शिकलो, तेही अजून पुरते पायी हिंडलेलो नाही. त्या रात्रीपासून माझी वही मात्र मराठीत आहे.