एज बॉक्स कोणाच्या यादीत?

आपल्यापैकी अनेकांच्या पॅनेलमध्ये एव्हाना एज बॉक्स, म्हणजे सेन्सरचा डेटा मशीनपाशीच तपासणारा छोटा कॉम्प्युटर, बसला आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. इंटरनेटची केबल काढा आणि काय काय बंद पडते ते बघा. मालकांच्या मोबाइलवरचा डॅशबोर्ड थांबला तर हरकत नाही. अलार्मही थांबला, तर तो बॉक्स नुसता टपाल्या आहे आणि निर्णय भलतीकडेच होत आहेत.

हिशेब साध्या मोटरवर करून पाहू. १,४४० आरपीएमची मोटर, ६२०५ नंबरचे बेअरिंग. बाहेरच्या रिंगवर ओरखडा पडला की सेकंदाला सुमारे ८६ ठोके बसतात. एवढे पकडायला कंपनाच्या सेन्सरने सेकंदाला २५,६०० नमुने कशाला घ्यायचे, असे कोणीही विचारेल. पण सुरुवातीचा ठोका इतका बारीक असतो की ८६ हर्ट्झवर तो इतर आवाजात बुडून जातो. तो सापडतो काही किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, ठोक्याने बेअरिंगचे घर झणझणते तिथे. त्या झणझणीचा एन्व्हलप काढला की ८६ हर्ट्झचा ठोका उघडा पडतो. दोन बाइटचा एक नमुना धरला तरी एका सेन्सरचे दिवसाला सुमारे ४.४ जीबी होतात. आठ पंपांवर प्रत्येकी दोन सेन्सर लावले, तर ७० जीबी. हे सगळे क्लाउडवर चढवण्यात शहाणपण नाही. गणित मशीनपाशी व्हावे, वर जावेत ते मिनिटाला चार-पाच आकडे, आणि अलार्म आला त्या वेळचा काही सेकंदांचा कच्चा डेटा.

मोटर ड्राइव्हवर असेल तर आणखी एक घोळ असतो. ड्राइव्ह ३५ हर्ट्झवर आणला की ८६ चे साठच्या आसपास होतात. बॉक्सला त्याच क्षणाचा स्पीड ड्राइव्हकडून मॉडबसवर मिळत नसेल, तर तो चुकीच्या जागी शोधत बसतो. मग खोटे अलार्म येतात आणि बिचारा सेन्सर बदलला जातो. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

बॉक्सने मशीन थांबवावे का? आमचे मत, निदान पहिले वर्षभर, नाही असे आहे. त्याने टॉवर लॅम्प पेटवावा, शिफ्ट सुपरवायझरला कळवावे. इंटरलॉक पीएलसीतच राहू द्या. इमर्जन्सी स्टॉपची वायर तर या बॉक्सच्या आसपासही फिरकू नये.

खरे घोडे अडते ते पुढे. व्हेंडर बॉक्स बसवून जातो, पासवर्ड त्याच्याच लॅपटॉपमध्ये राहतो. आयटीवाले म्हणतात, हे शॉप फ्लोअरचे. मेंटेनन्सवाले म्हणतात, हे कॉम्प्युटरचे. दरम्यान मे महिन्यात ड्राइव्हच्या शेजारी बसून बॉक्स तापत असतो. रात्रंदिवस लॉग लिहून मेमरी कार्ड झिजत असते. नेट नसलेल्या दिवसांत घड्याळ सरकते, आणि ब्रेकडाउननंतर पीएलसीच्या नोंदींशी त्याच्या नोंदी जुळत नाहीत. यातले काहीही बोर्डरूममधल्या सादरीकरणात दिसत नाही.

म्हणून बॉक्सला गिअरबॉक्स किंवा कॉम्प्रेसरसारखाच अॅसेट नंबर द्या आणि तो मेंटेनन्सच्या यादीत घ्या. प्रिव्हेंटिव्ह कार्डवर फिल्टरची सफाई, घड्याळाची तपासणी, कॉन्फिगरेशनचा बॅकअप हे लिहा. एक तयार स्पेअर स्टोअरमध्ये ठेवा. शिफ्टच्या इलेक्ट्रिशियनला तो बदलता आला पाहिजे. मशीनचे नेटवर्क आणि ऑफिसचे नेटवर्क वेगळे ठेवा, आणि व्हेंडरचा रिमोट ॲक्सेस काम असेल तेव्हाच उघडा. पर्चेस ऑर्डरमध्ये पासवर्ड आणि अलार्मच्या मर्यादा आपल्या ताब्यात देण्याची अट घाला. ती मान्य नसलेल्या व्हेंडरकडून, स्वस्त मिळाला तरी, बॉक्स घेऊ नये.

वाचकांनी आपल्याकडचा एक अलार्म निवडून आम्हाला लिहावे: मर्यादा किती ठेवली होती, खोटे किती वाजले, आणि खरा वाजला तेव्हा बेअरिंग उघडल्यावर आत काय दिसले. कंपनीचे नाव दिले नाही तरी चालेल, आकडे मात्र खरे द्या. निवडक पत्रांना पुढच्या अंकात जागा देऊ.