विमानात हेडफोन लावताना

घरी सुस्वर वाटणारे गाणे विमानात फिके का वाटते, हा प्रश्न दीर्घ हवाई प्रवास करणाऱ्या रसिकांना हमखास पडतो. दोष प्लेअरला दिला जातो आणि पुढील प्रवासापूर्वी अधिक महागडा प्लेअर खरेदी केला जातो. माझ्या मते हा खर्च चुकीच्या खात्यावर पडतो.

उड्डाणाच्या काळात विमानाच्या अंतर्भागात सुमारे ८० ते ८५ डेसिबलचा गोंगाट अखंड चालू असतो. त्यातील बराचसा भाग खर्जातील घरघरीचा. तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याचा घुमारा, सरोदची मंद्र सप्तकातील मींड हे सारे नेमके तिच्याखाली झाकले जाते. ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि खरी हानी येथे सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला हीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. अमेरिकेच्या १५-१६ तासांच्या थेट प्रवासात आठवड्याची ही शिल्लक अर्धी वाट सरण्याआधीच संपते. कानातील संवेदनपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत, ही उचल परत भरता येत नाही.

गंमत अशी की, सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकण्यासाठी हलके यंत्र हवे होते, त्यातून १९७९ मध्ये वॉकमन आला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी झुरिकहून बोस्टनला परतताना विमानातील हेडफोनने निराश झालेल्या अमर बोस यांनी गोंगाट पुसून टाकण्याचे गणित विमानातच मांडले. हे बोस एका बंगाली स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र. त्यांच्या कल्पनेचे तत्त्व वाणिज्य शाखेच्या माणसालाही सहज उमगावे: हेडफोनमधील मायक्रोफोन बाहेरची ध्वनिलहर टिपतो, यंत्रणा तिच्या नेमकी उलट लहर निर्माण करते आणि जमा-नावे जुळून बाकी जवळपास शून्य उरते.

अशा हेडफोनमुळे मूळ स्वराचा पोत किंचित बदलतो, असा आक्षेप जाणकार घेतात. दिवाणखान्यात तो ग्राह्य आहे. विमानात, जेथे निम्मे संगीत ऐकूच येत नाही, तेथे तो मला गैरलागू वाटतो. मात्र ही किमया एकसुरी घरघरीवरच चालते. तान्ह्या मुलाचे रडणे वा शेजाऱ्यांच्या गप्पा तिला फारशा जुमानत नाहीत. त्यासाठी कानात घट्ट बसणारे, फोमची टोपी असलेले इअरफोन अधिक उपयोगी आणि पुष्कळ स्वस्तही. टोपी सैल असेल तर खर्ज नाहीसा होतो, म्हणून योग्य माप घरीच पारखून घ्यावे.

अनेक विमानांत आसनासमोरील पडद्याला बिनतारी हेडफोन जोडता येत नाही. तेव्हा तार आणि दुहेरी पिनेचा छोटा जोड हातातील पिशवीत असू द्यावा. पॉवर बँकही तेथेच, कारण सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत ती ठेवण्यास मनाई आहे.

परदेशी मुलांकडे निघालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची श्रवणशक्ती वयोमानाने आधीच मंदावलेली असते आणि आवाजाची कळ तेच सर्वांत वर नेतात. नवा फोन भेट देण्याऐवजी त्यांना असा हेडफोन द्यावा, आणि तो चालू-बंद कसा करावयाचा, हे निघण्यापूर्वी दोनदा करवून घ्यावे.