यिर्मयाचे शेत

बायबलमधील भविष्यवाद म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पंचांग उभे राहते. कोणते युद्ध केव्हा, जगाचा अंत कोणत्या साली, याचे गणित मांडणारे प्रत्येक पिढीत निघतात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून ठेवली होती. २०११ साली हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे सांगितली. दोन्ही दिवस इतर दिवसांसारखेच मावळले. परंतु संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे, हे समजण्यास यिर्मयाच्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय पुरेसा आहे.

यहूदाचे राज्य तेव्हा बाबेलच्या वर्चस्वाखाली होते. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केले की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल आणि लुटून नेलेली पात्रे परत येतील. लोकांना हेच हवे होते. यिर्मया मात्र मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. गंमत अशी की हनन्याचे बोलणे ऐकून तो प्रथम 'आमेन' म्हणाला. असे झाले तर त्यालाही हवेच होते! पण तसे होणार नव्हते. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले.

देवाच्या नावाने अभय देणारा खोटा ठरला आणि संकट सांगणारा खरा, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर यिर्मयाचे एक वचन हमखास आढळते: देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत, अशा अर्थाचे. ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या अगोदरच्या ओळीत सत्तर वर्षांची मुदत आहे, ती मात्र कोणी चौकटीत बसवीत नाही. त्या पत्रात घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या परक्या नगरात आहात त्याचे कल्याण पाहा, असा उपदेश आहे.

२०२० च्या साथीत एक्क्याण्णवावे स्तोत्र घरोघरी वाचले गेले. भयग्रस्त माणसाने ते वाचावेच. पण ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला 'तुमचा विश्वास उणा पडला' असे सुचविणारेही भेटले. हा मला निव्वळ क्रूरपणा वाटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेच स्तोत्र सैतान येशूपुढे ठेवतो: मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील. येशू उडी टाकीत नाही. रक्षणाचे वचन हे देवाची परीक्षा पाहण्याचे साधन नव्हे, असाच त्याचा अर्थ. मुखपट्टी न लावता गर्दी जमविणाऱ्यांनी हा प्रसंग वाचला असता तर बरे झाले असते.

मग भरवसा म्हणजे काय? यरुशलेमला वेढा पडला असताना आणि स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैद असताना यिर्मयाने चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथ गावचे शेत विकत घेतले. सतरा शेकेल रुपे, म्हणजे आजच्या वजनाने सुमारे दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून दिले. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, मोहोर केली, आणि पुष्कळ दिवस टिकावे म्हणून खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवविले. व्यवहारी माणूस याला वेडेपणाच म्हणेल, कारण मुलूख शत्रूच्या हाती जाणार हे तो स्वतःच सांगत होता. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढेच त्याचे म्हणणे होते. ते आपल्या हयातीत होईल असे तो म्हणाला नाही. पुढे त्याला मनाविरुद्ध मिसर देशात नेण्यात आले. त्या शेतात त्याने कधी नांगर धरल्याचा उल्लेख नाही.