छातीतला प्रत्येक पू क्षयाचा नसतो

फुप्फुसाच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये पू साठतो, त्याला एम्पायेमा म्हणतात. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस, क्लेब्सिएला हे त्याचे नेहमीचे जंतू. भारतात त्यांच्या जोडीला क्षय. अनोळखी जंतूंची आठवण शेवटी होते. असा अहवाल पुन्हा पुन्हा पुढे येतो: छातीतल्या द्रवात एडीए (ॲडेनोसिन डीअमिनेज हे विकर) वाढलेले, म्हणून क्षयाची औषधे सुरू. पण एडीए इतर जंतूंच्या पुवातही वाढते.

क्षयाशी सर्वांत फसवे साम्य मेलिओइडोसिसचे. ताप, खोकला, घटते वजन, फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी, छातीत पू, चित्र तेच. जंतू मात्र वेगळा: बर्खोल्डेरिया स्यूडोमॅली. क्षय माणसाकडून माणसाला होतो. हा जंतू चिखलातून आणि साचलेल्या पाण्यातून, जखमेवाटे किंवा श्वासावाटे शिरतो. भातशेती, पावसाळा आणि मधुमेह एकत्र आले की धोका वाढतो. १९११ मध्ये रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी तो ओळखला. भारतातील पहिली नोंद १९९१ मध्ये मुंबईतील एका मुलाची. क्षयजंतू वाढायला आठवडे लागतात, हा साध्या कल्चरमध्ये दोन-तीन दिवसांत वाढतो. तरीही ‘स्यूडोमोनास’ म्हणून त्याची बोळवण होते. जेंटामायसिन व कोलिस्टिनला दाद न देणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला नमणारा जंतू दिसला, की संशय घ्यायलाच हवा. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांनी हा आजार बरा होत नाही. आधी शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, नंतर किमान तीन महिने कोट्रायमोक्साझोल, हा त्याचा उपचार.

नोकार्डियाही असाच चकवतो: क्षयासाठीच्या रंगाने तो अंशतः रंगतो आणि कल्चरमध्ये सावकाश वाढतो. प्लेट दोन दिवसांत टाकून दिली तर तो निसटतो. ॲक्टिनोमायसिस बहुधा किडलेल्या दातांकडून येतो, छातीची भिंत भेदून बाहेर पडतो. पुवातले पिवळे कण ही त्याची खूण, आणि उपचार अनेक महिने पेनिसिलिन. प्रतिकारशक्ती घटलेल्यांत क्वचित साल्मोनेलाही सापडतो.

पू नळीने काढावाच लागतो. तो वाया घालवू नये. त्याचा काही भाग रुग्णाच्या खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घातला, तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. नमुना शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावा आणि प्रयोगशाळेला मधुमेह, शेतीकाम, दातांचे दुखणे कळवावे. नातेवाइकांनीही निःसंकोच विचारावे: पू कल्चरला पाठवला का?